फेकजाळ्याच्या गोळ्यांसाठी सहा घरांचा साचा: घ्यावा का?

भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांवर फेकजाळं चालवणाऱ्यांना शिशाच्या गोळ्या तयार विकत घेणं महाग पडतं. त्यांच्यासाठी हा बिजागरीचा, ॲल्युमिनियमचा साचा कामाचा आहे. प्रत्येक गोळी साधारण 20 ग्रॅमची, मधून दोरीसाठी आरपार भोक. जाळ्याला 3 किलो वजन हवं असेल तर 150 गोळ्या, म्हणजे 25 ओत. मळी (वितळलेल्या शिशावर येणारा कचरा) निघते, काही गोळ्या बिघडतात, म्हणून साडेतीन किलो शिसं घ्यावं.

साचा चांगला आहे, पण थंड साच्यात ओतलं की गोळीवर सुरकुत्या पडतात, कोपरे अर्धवट राहतात. घरांना मेणबत्तीची काजळी धरा, साचा शेगडीच्या कडेला तापवा आणि पहिले दोन-तीन ओत सरळ कढईत परत टाका. त्याउलट साचा फार तापला की गोळी दाणेदार, पांढुरकी होते आणि गोठायला वेळ लागतो. तेव्हा जरा थांबा. निववायला पाणी मात्र कधीच नाही.

शिसं 327 अंशांना वितळतं. त्याला जाड लोखंडी कढई लागते, आणि ती पुन्हा स्वयंपाकात येऊ नये. चुलीचा जाळ कमीजास्त होतो, गॅसची शेगडी बरी. वितळल्यावर मेणाचा तुकडा टाकून ढवळा (मेण पेट घेतं, तोंड दूर ठेवा) आणि वरची मळी झाऱ्याने काढा. पळी कढईतच ठेवली तर गरम राहते आणि कामाला वेग येतो. गोळीला ओतायच्या तोंडाशी राहिलेले शिशाचे देठ एकेक परत टाकू नका, कढई निवते. साठवून एकदमच टाका.

शिसं कोणतं, हे साच्याइतकंच महत्त्वाचं. भंगारातल्या केबलचं शिशाचं आवरण, शिशाचे जुने पाइप चालतील. गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात त्या वजनांत जस्ताचे तुकडे मिसळलेले असतात. जस्त 419 अंशांना वितळतं, म्हणून आच बेताची ठेवली तर ते वर तरंगतं आणि उचलता येतं. विरघळलं तर सगळा माल चिकट होऊन घरं भरत नाहीत. बॅटरीच्या प्लेटा बिलकुल नकोत, त्यांत आम्ल असतं आणि मळीतून विषारी वायू निघू शकतो.

ओल सगळ्यात धोकादायक. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला तरी वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. पावसाळ्यात उघड्यावर हे काम नकोच. नवा तुकडा आधी कढईच्या काठावर सुकवा. चष्मा, जाड बूट, पूर्ण बाह्या हव्यात. पोरं आणि गरोदर बाई जवळ नकोत. शिसं शरीरात साठतं, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय खर्राही तोंडात नको. मळी परसात किंवा तलावात फेकू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा.

साच्याची उणीव गोळीत भोक ठेवणाऱ्या सळईत आहे. शिसं गोठताना आकसून तिला आवळतं. गरम असतानाच ओढली नाही तर अडकते. सळईवर पेन्सिलचं शिस (ग्रॅफाइट) घासलं की सुटते. एखादं घर वारंवार अपुरं भरत असेल तर हवा कोंडते आहे. त्या घरापासून कडेपर्यंत कानसीने केसाएवढा चरा द्या, खोल गेला तर गोळीला पंख फुटतील.

घेताना साचा मिटून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर दुसरा मागा.