महापालिकेच्या शाळेत दोन वर्षे: एका पालकाचा अभिप्राय

वर्षाला 38 हजार रुपये शुल्क घेणाऱ्या खासगी इंग्रजी शाळेतून काढून आम्ही मुलीला दोन वर्षांपूर्वी घराजवळच्या महापालिकेच्या सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत घातले, तेव्हा नातेवाइकांनी नाके मुरडली होती. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही. खालच्या तक्रारींचे खापर एकट्या मुख्याध्यापिकांवर फुटू नये.

पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकांनी तिला जवळ बसवून चार ओळींचा मराठी उतारा वाचायला दिला. 'स्वच्छ' आणि 'प्रश्न' या शब्दांपाशी ती अडखळली आणि भिंतीवरच्या तक्त्यात तिचे नाव 'शब्द' या रकान्यात गेले. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, गोष्ट अशा या पायऱ्या असून, इयत्ता कोणतीही असो, एका पायरीवरच्या मुलांचा गट करून रोज तासभर वाचन घेतले जाते. दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे नाव 'गोष्ट'मध्ये आले. आधीच्या शाळेत तिला वाचता येत नाही, हे दोन वर्षांत कोणाच्या लक्षातही आले नव्हते (आमच्याही नाही, हे कबूल केले पाहिजे).

मात्र हा तास शिक्षिका वर्गात असतील तरच होतो. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे आणि कागदोपत्री आमची शाळा त्यात बसते. पण त्याच कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला मुभा देते. गेल्या वर्षी आमच्या बाई मतदार यादीच्या कामावर गेल्या, तेव्हा तीन आठवडे दोन तुकड्यांची 71 मुले एका खोलीत बसत होती आणि वाचनाचा गट मोडला तो मोडलाच.

डिजिटल फळा आहे, खिचडी गरम असते. मुंबई महापालिकेने सीबीएसई शाळा सुरू केल्यावर प्रवेशासाठी सोडती काढाव्या लागल्या, तसे इथेही करावे असे काही पालक म्हणतात. मंडळाच्या नावाने पट वाढेलही, पण मोकळी खुर्ची त्याने भरत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असा नियम आहे, आणि आमच्याकडे तशी समिती आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीचा विषय दोन सभांच्या इतिवृत्तात नोंदवला गेला, तरी अखेर एका आईनेच बाजारातून कडी आणून बसवून घेतली. येत्या सभेत आम्ही बदली शिक्षकाची लेखी मागणी ठेवणार आहोत.