गेम्सचा नकाशा काढायला ‘स्मॅकॉफ’: कामाचं आहे, पण मूळ सेटिंगवर सोडू नका

‘राजी’ हा पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचा 2020 सालचा गेम. खेळणाऱ्यांना तो ‘गॉड ऑफ वॉर’सारखा वाटतो की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’सारखा? असं काही नकाशावर पाहायचं असेल, तर ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेतलं स्मॅकॉफ हे फुकट पॅकेज पुरेसं आहे. लोक जोडीजोडीला सारखेपणाचे 1 ते 9 गुण देतात. सारखे वाटणारे गेम्स जवळ येतात, बाकीचे लांब जातात.

खरी मेहनत त्याआधीची. 12 गेम्सच्या 66 जोड्या होतात. जोडीला 10 सेकंद धरले तर 11 मिनिटं. 20 गेम्स घेतले की 190 जोड्या, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. मग माणूस कंटाळून सरसकट ‘5’ ठोकत सुटतो. ‘खेळलेलो नाही’ हा पर्याय हवाच, कारण पुण्यात न खेळलेल्या गेमवरही ठाम मत मिळतं! नुसतं चित्र पाहिलेला ‘राजी’ला देवादिकांच्या गेम्समध्ये टाकेल, त्यात भिंतीवरून धावलेल्याला ‘प्रिन्स’ आठवेल. रिकाम्या जोडीत सरासरी भरू नका, तिला वजन 0 द्या.

पॅकेजला अंतर लागतं, सारखेपणा नाही. म्हणून गुण 10 मधून वजा करा. विसरलात तर जुळे गेम्स नकाशाच्या दोन टोकांना जातात. मूळ सेटिंग ‘रेशो’ असतं, म्हणजे आकड्यांमधलं प्रमाण ते जसंच्या तसं धरतं. माणसांनी दिलेले गुण तेवढे काटेकोर नसतात, तिथे फक्त क्रम पाहणारं ‘ऑर्डिनल’ लावा. नकाशा दिलेल्या अंतरांशी किती जुळत नाही, हे सांगणारा आकडा म्हणजे स्ट्रेस. तो 0.1 च्या आसपास ठीक, 0.2 म्हणजे कच्चा, हा गणितज्ञ क्रुस्कलचा 1964 चा ठोकताळा. पण 5-6 गेम्सवर स्ट्रेस आपोआपच शून्याकडे सरकतो, त्यावर हुरळून जाऊ नका. गेम्सच्या पन्नासेक वेगवेगळ्या सुरुवातीच्या मांडण्या देऊन सर्वांत कमी स्ट्रेसचा नकाशा ठेवा. आडवी-उभी दिशा निरर्थक असते, नकाशा कसाही फिरवा. मोबाइलवाले आणि कन्सोलवाले यांची एकच सरासरी काढली तर दोघांचंही चित्र पुसलं जातं. त्यासाठी व्यक्तिगणिक फरक धरणारं फंक्शन ह्याच पॅकेजमध्ये आहे. आमच्या मते पॅकेजची खरी किंमत तिथे वसूल होते.

नावं मराठीत हवी असतील तर साधं पीडीएफ काढू नका, अक्षरांच्या जागी ठिपके येतात. ‘आर’मधलंच कैरोवालं पीडीएफ (cairo_pdf) वापरा.