सांगलीत मिरज रोडवरचं ऑटो इलेक्ट्रिक: जुन्या गाडीच्या एअरबॅग मॉड्यूलसाठी

एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी इथे नेली की आधी दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लागतो, मॉड्यूलचा, म्हणजे एअरबॅग कधी फोडायची ते ठरवणाऱ्या कंट्रोल डब्याचा, विषय नंतर. या दुकानाची शिफारस करायची ती याचसाठी. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा दोष स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगचा (स्टिअरिंग फिरलं तरी बॅगेपर्यंत जोडणी ठेवणारी गुंडाळलेली पट्टी) किंवा सीटखालच्या पिवळ्या कपलरचा, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगचा, असतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मॉड्यूल मारलं जातं. ह्युंदाईत बी१३४६ कोड आला, म्हणजे ड्रायव्हर बॅगेच्या सर्किटचा रेझिस्टन्स वाढलाय, तर हे कारागीर बॅगेच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावतात. आधी क्लॉक स्प्रिंगच्या वर, म्हणजे बॅगेच्या बाजूला, मग खाली, वायरिंगच्या बाजूला. वर लावल्यावर कोड राहिला आणि खाली लावल्यावर गेला, तर क्लॉक स्प्रिंग बदलायची. बॅगेला मल्टिमीटर अजिबात लावत नाहीत. तेवढ्या करंटनेही ती फुटू शकते.

बी१६२० आला तर मात्र दोष मॉड्यूलच्या आत. ते असतं गिअर लिव्हरजवळ, कन्सोलखाली. लेबलवर मारुतीचा नंबर ३८९१० ने, ह्युंदाईचा ९५९१० ने, होंडाचा ७७९६० ने सुरू होतो. पण हे पाच आकडे फक्त पार्ट कुठला ते सांगतात. किती बॅगा, बेल्टला प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) आहे का, हे पुढच्या आकड्यांत, म्हणून पूर्ण नंबर जुळल्याशिवाय इथे पार्ट मागवत नाहीत. कपलर बसला म्हणजे मॉड्यूल चाललं असं नसतं.

सांगलीत आणखी एक धोका आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि मॉड्यूल फ्लोअरलाच असल्याने पाणी पहिलं तिथे. जुन्या बाजारातलं मॉड्यूल आलं की कपलरच्या पिना उजेडात धरून दाखवतात. हिरवट थर, म्हणजे पाण्याने चढलेला गंज, दिसला की परत.

बसवण्याची शिस्त चांगली आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढून किमान तीन मिनिटं थांबतात, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. लेबलवरचा बाण गाडीच्या तोंडाकडे. बोल्टखालचा गंज घासतात, कारण अर्थिंग तिथूनच मिळतं. बोल्ट आवळल्याशिवाय चावी फिरवत नाहीत. शेवटी दिवा साधारण सहा सेकंद लागून विझला पाहिजे. चावी दिल्यावर दिवा लागतच नसेल, तर बल्ब गेलाय किंवा कोणीतरी काढून ठेवलाय असं समजा. सेकंडहँड गाडी घेताना हे आवर्जून बघा.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. बॅग फुटलेल्या गाडीचं मॉड्यूल क्रॅश डेटा (त्यात साठलेली अपघाताची नोंद) पुसून परत बसवायलाही हे तयार होतात. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अशा वेळी मॉड्यूल बदलायलाच सांगितलेलं असतं, तेव्हा तिथे पैसे वाचवू नका. दुसरं, बिलावर नुसतं ‘एअरबॅग युनिट’ लिहितात. जुन्या आणि नव्या मॉड्यूलचा पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या आणि जुना पार्ट मागून घ्या. मागितला तर देतात.