सेंटरमागून की शॉटगनमधून? नव्या क्वार्टरबॅकने पाय आणि हात कसे घडवावेत

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू घेऊन सहकाऱ्यांकडे फेकणाऱ्या खेळाडूने, चेंडू घेण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत तो सेंटरच्या, म्हणजे खेळ सुरू करताना चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, अगदी मागे उभा राहून चेंडू थेट हातात घेतो. दुसरीत, म्हणजे शॉटगनमध्ये, तो सुमारे पाच यार्ड मागे थांबतो आणि सेंटर दोन पायांमधून चेंडू त्याच्याकडे उडवतो. अमेरिकेत वाढणाऱ्या ज्या मराठी मुलांना बाराव्या-तेराव्या वर्षी या जागेची ओढ लागते, त्यांच्या पालकांना प्रशिक्षक निवडताना यांपैकी कशावर भर द्यावा, हे ठरवावे लागते. माझे मत आधीच सांगतो: सामने शॉटगनमधून खेळावेत, पाय मात्र सेंटरमागच्या ड्रॉपने, म्हणजे फेकीआधी मोजक्या पावलांनी मागे जाण्याच्या सरावाने, घडवावेत, आणि हात निरनिराळ्या कोनांतून फिरवण्याची घाई करू नये.

सेंटरमागून निघणाऱ्या ड्रॉपमध्ये पायांना पळवाट नसते. उजव्या हाताने फेकणारा खेळाडू चेंडू मिळताच उजवा पाय मागे टाकतो, कंबर वळवतो आणि पाय ओलांडत मागे जातो. तीन, पाच आणि सात पावलांचे ड्रॉप रिसीव्हरच्या, म्हणजे फेक झेलणाऱ्या खेळाडूच्या, प्रत्येकी वेगळ्या लांबीच्या धावमार्गांशी जोडलेले असतात. पाच पावलांच्या ड्रॉपमध्ये पहिली तीन लांब असतात, तर शेवटची दोन आखूड आणि झटपट, कारण मागे जाणाऱ्या शरीराचा वेग तेथे थांबवायचा असतो. शेवटचे पाऊल रोवले जाते त्या क्षणी रिसीव्हरही वळलेला असला पाहिजे. पहिला रिसीव्हर मोकळा नसेल, तर एक छोटे पाऊल पुढे घेऊन, ज्याला हिच म्हणतात, नजर दुसऱ्याकडे जाते. प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या व्यावसायिक संघात १९७९ पासून हीच सांगड अत्यंत काटेकोरपणे बसवली आणि क्वार्टरबॅक जो मॉन्टाना यांच्या खेळात तिचे सर्वांत सुंदर रूप दिसले. तेथे पाय घड्याळाचे काम करत होते.

या पद्धतीची किंमतही आहे. वळताना नजर क्षणभर बचावफळीवरून हटते, आणि हालचाल अंगवळणी पडायला महिने लागतात. त्याबदल्यात प्ले-अ‍ॅक्शन खरा वाटतो: धावणाऱ्याकडे चेंडू देण्याचा आव आणला की लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतले खेळाडू, पुढे सरकतात आणि त्यांच्या मागे जागा उघडते.

शॉटगनचा मोठा लाभ दृष्टीचा आहे. प्रशिक्षक रेड हिकी यांनी १९६० मध्ये फोर्टीनायनर्ससाठी ही रचना वापरली, १९७५ मध्ये प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी डॅलसमध्ये क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक यांच्यासाठी ती पुन्हा आणली, आणि आज शाळांपासून व्यावसायिक सामन्यांपर्यंत तिचेच राज्य आहे. खेळाडू आधीच मागे असल्याने सेंटरमागच्या पाच पावलांचे काम येथे तीन पावलांत होते. स्नॅप, म्हणजे सेंटरने मागे उडवलेला चेंडू, पकडण्यापुरती नजर चेंडूकडे जाते, एरवी समोरचे मैदान सतत दिसत राहते. धोका असा, की मागे जाण्याची गरज कमी झाल्यावर मुले टाचांवर उभी राहतात, पाय निर्जीव होतात आणि फेक नुसत्या दंडाच्या जोरावर होऊ लागते. लहान अंतरावर हे खपून जाते. बाजूरेषेकडच्या लांब फेकीत ते लगेच उघडे पडते.

कारण फेकीची ताकद जमिनीतून वर येते. वजन मागच्या पायाच्या आतल्या बाजूवर असावे, पुढचा पाय आखूड पडावा आणि त्याचा अंगठा लक्ष्याच्या किंचित डावीकडे असावा. पुढचा गुडघा घट्ट होतो, कंबर आधी उघडते, खांदे मागून येतात. सीमारेषेवरून विकेटकीपरकडे सपाट फेक करणाऱ्या क्षेत्ररक्षकाचे शरीर याच क्रमाने वळते. कोपर खांद्याच्या खाली घसरू नये, तर्जनी चेंडूवरून सर्वांत शेवटी सुटावी, आणि हात संपताना अंगठा खाली वळावा. पाऊल फार लांब पडले की चेंडू डोक्यावरून जातो. पाऊल आडवे पडले की कंबर अडकते आणि चेंडू रिसीव्हरच्या मागे पडतो. म्हणून चुकलेल्या फेकीचे कारण शोधताना मी आधी पाय पाहतो.

व्यावसायिक क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स यांना पाहून मुलांना बाजूच्या कोनातून फेकावेसे वाटते, यात नवल नाही. परंतु माहोम्स यांचे वडील बेसबॉलचे व्यावसायिक पिचर होते, ते स्वतःही बेसबॉल खेळत वाढले, आणि त्यांची फेक संथ गतीने पाहिली तर हाताचा कोन बदलला तरी बहुतेक वेळा कंबर व छाती लक्ष्याकडे उघडलेली दिसते. क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स यांचीही फेक खालच्या कोनातून, विचित्र दिसणारी होती, पण ती झटपट सुटत असे. शैली वेगळी असणे हा दोष नव्हे. उशीर हा दोष आहे. टिम टीबो यांनी फ्लोरिडा विद्यापीठात शॉटगनमधून खेळत २००७ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकली, मात्र चेंडू कमरेपर्यंत खाली नेणारा त्यांचा लांब फेरा व्यावसायिक खेळात महागात पडला, आणि तेथे त्यांच्या निम्म्याहून कमी फेकी पूर्ण झाल्या, म्हणजे सहकाऱ्यांनी झेलल्या. उलट जॉश अ‍ॅलन यांनी व्यावसायिक झाल्यावरही पाय आणि कमरेचा क्रम सुधारला: २०१८ मध्ये ५२.८ टक्के पूर्ण फेकी, २०२० मध्ये ६९.२. त्याच वर्षी स्टेफॉन डिग्ज यांच्यासारखा रिसीव्हर संघात आला, त्यामुळे सारे श्रेय तंत्राला देणे योग्य होणार नाही. तरीही बदल शक्य आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आता निवडीकडे. शाळेचा संघ केवळ शॉटगन खेळत असेल, तरी वैयक्तिक सरावात सेंटरमागचा पाच पावलांचा ड्रॉप ठेवणारा प्रशिक्षक पाहावा. संघ प्ले-अ‍ॅक्शनवर उभा असेल, तर प्रश्नच उरत नाही. मूल फक्त फ्लॅग फुटबॉल खेळणार असेल, म्हणजे खेळाडूला पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढून थांबवण्याचा प्रकार, जो २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट झाला आहे, तर मी बेलाशक शॉटगनला झुकते माप देईन, कारण तेथे पाच जणांच्या खेळात मोकळ्या जागेत पळत फेकणे अधिक उपयोगी पडते. दोन्ही वाटांवर चेंडू वयाच्या मापाचा घ्यावा. मोठ्यांचा चेंडू लहान हातात मावत नाही, मग कोपर खाली येते, मूल चेंडू फेकण्याऐवजी ढकलू लागते, आणि ही सवय पुढे मोडणे फार कठीण जाते.