पोटगी: एकरकमी, दरमहा की वाढीसकट?

नात्यातल्या एका जोडप्याचं समजुतीने वेगळं व्हायचं ठरलं. पोटगीचा आकडाही जमला, महिना १५,०००. संमतीपत्रावर सह्या होणार तेवढ्यात तिच्या वकीलबाई म्हणाल्या, “आणि दहा वर्षांनी?” सगळं तिथेच अडलं.

एकरकमी घेतली की दर पाच तारखेला बँकेच्या मेसेजची वाट बघायला नको. करातही फायदा: मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालाप्रमाणे ती उत्पन्नात धरत नाहीत, दरमहाची धरतात. पण पुढची सगळी महागाई घेणाऱ्याच्या डोक्यावर. पैसा गुंतवायची सवय नसेल आणि माहेरी भावाचा धंदा बुडत असेल, तर ती रक्कम किती टिकते ते मी पाहिलंय.

दरमहा ठरावीक रक्कम घेऊन लागेल तेव्हा वाढ मागता येते. हिंदू विवाह कायद्याचं कलम २५(२) आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४६ आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२७). परिस्थिती बदलल्याचं मात्र दाखवावं लागतं. २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे लपवाछपवीला थोडा चाप बसलाय. तरी दोन हजारांच्या वाढीसाठी वकिलाची फी नि तारखांना रजा हा आतबट्ट्याचा व्यवहार. त्याची नोकरी गेली तर कमी करून मागायला हेच दार त्यालाही उघडं.

पगाराचा हिस्सा ठरवणं सरकारी नोकराच्या बाबतीत उत्तम. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराचा २५ टक्के हिस्सा योग्य धरला होता. महागाई भत्ता वाढला की पोटगी आपोआप वाढते. दुकानदार नवऱ्याच्या बाबतीत विसरा.

राहिली करारातच लिहिलेली वाढ, आणि माझं मत हिच्याच बाजूने. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात महिना ५०,००० आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली. ऐकायला छान. आपल्या १५,००० ला हाच दर लावून बघा: दहा वर्षांत पाच वाढी, रक्कम १९,१४४. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के महागाईचं. तेवढीच धरली तरी लागतात २२,२०४. तीन हजारांचा खड्डा. शिवाय अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की घरमालक रिझर्व्ह बँकेला विचारून भाडं वाढवत नाही. म्हणून टक्के किती यापेक्षा ते किती वर्षांनी, हे आधी बघावं.

तिने दरवर्षी ५ मागितले. तो म्हणाला, “माझा पगार तरी वाढतो का तेवढा?” प्रश्न रास्त होता. शेवटी लिहिलं: दरवर्षी ४ टक्के, लागू एप्रिलपासून, कारण त्याची पगारवाढ एप्रिलमध्येच होते. नोकरी गेली तर सहा महिने वाढ थांबेल, मूळ रक्कम थांबणार नाही. हे शेवटचं वाक्य वकीलबाईंनी दोनदा वाचून दाखवलं.