आईचं खातं परस्पर ‘अपग्रेड’ झालं आणि वर्षभर पैसे कापले गेले

माझ्या आईच्या बचत खात्यातून एका मोठ्या खासगी बँकेने वर्षभरात ८,६२५ रुपये ८० पैसे काढून घेतले. कुणी लिंक पाठवली नव्हती, ओटीपी मागितला नव्हता, कार्ड चोरीला गेलं नव्हतं. बँकेनेच, स्वतःच्या दरपत्रकाचा आधार घेऊन, दर महिन्याला थोडे थोडे करून कापले. त्यातले बहुतेक आम्ही भांडून परत मिळवले. ज्यांच्या घरी आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची जुनी खाती आहेत त्यांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आईची पेन्शन दुसऱ्या बँकेत येते. हे खातं बाबा असतानाचं, मुदत ठेवीचं व्याज जमा होण्यापुरतं उघडलेलं. ठेवीची मुदत संपल्यावर आम्ही ती रक्कम पेन्शनच्या बँकेत नेली आणि इथे साडेतेरा हजारांच्या थोडे वर ठेवले. या खात्यात किमान सरासरी शिल्लक दहा हजारांची ठेवावी लागायची, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. या खात्यातून वर्षातून एकदा आईच्या मेडिक्लेमचा टॉप-अप हप्ता आपोआप जायचा, ६,२०० रुपये. बाकी व्यवहार जवळपास नाहीतच.

ठेवीचे पैसे काढून नेल्यानंतर थोड्याच दिवसांत बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा आईला फोन आला. “काकू, तुम्ही आमच्या जुन्या कस्टमर आहात, म्हणून तुमचं खातं अपग्रेड करून देतोय. तुम्हाला काहीच करायचं नाही, नवीन कार्ड घरी येईल.” आई “बरं” म्हणाली. एवढंच. फॉर्म नाही, सही नाही. कार्ड आलं, तिने पाकीट न फोडता कपाटात ठेवलं. नव्या प्रकारच्या खात्याला दहाऐवजी पंचवीस हजारांची सरासरी शिल्लक लागते आणि त्या कार्डाला वार्षिक फी आहे, हे त्या फोनवर कुणीही बोललं नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला फोनवर ‘बरं’ म्हणायला लावायचं आणि त्यालाच संमती समजायचं, याला मी फसवणूकच म्हणते.

आम्हाला पत्ता लागला तो हप्ता परत गेला तेव्हा. विमा कंपनीचा मेसेज आला की पैसे मिळाले नाहीत. खात्यात पाच हजार आठशेच्या आसपास उरले होते. हप्ता परत गेला म्हणून बँकेने वर आणखी ५९० रुपये लावले. आधी स्वतः खातं रिकामं करायचं आणि मग पैसे का नाहीत म्हणून दंड घ्यायचा! आईची पॉलिसी ग्रेस पिरियडमध्ये, म्हणजे हप्ता चुकल्यावर तो भरायला मिळणाऱ्या वाढीव मुदतीत गेली. त्या काळात तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं असतं तर क्लेमच्या वेळी किती त्रास झाला असता, या विचाराने मला आजही संताप येतो.

मग मी वर्षभराचं स्टेटमेंट डाउनलोड करून एकेक ओळ वाचली. दर महिन्याला ५९०, म्हणजे किमान शिल्लक नसल्याबद्दल ५०० रुपये चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये. असं बारा वेळा. एकदा ८८५, म्हणजे कार्डाचे ७५० अधिक जीएसटी. दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे, म्हणजे एसएमएसचे १५ अधिक जीएसटी. ओळींमध्ये नावं अशी की मिन, बॅल, सीएचजी, मग एक लांबलचक आकडा. मराठी तर सोडाच, धड इंग्रजीतही कळणार नाही असं. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्टेटमेंटच्या वरच्या कोपऱ्यात होती. खात्याच्या प्रकाराचं नाव एका महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरं. तारीख बरोबर त्या फोननंतरची. हा कोपरा कुणी बघत नाही, पण खातं कधी बदललं याचा पुरावा तिथेच असतो. तुमच्या घरच्या स्टेटमेंटमध्ये आधी तेच बघा.

सरासरी शिल्लक कशी काढतात तेही समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं की महिनाअखेरीस तेवढे पैसे असले की झालं. तसं नाही. रोज दिवस संपताना खात्यात किती होते ते आकडे महिनाभराचे मिळवतात आणि महिन्याच्या दिवसांनी भागतात. पंचवीस हजारांची सरासरी हवी असेल आणि खात्यात महिनाभर साडेतेरा हजार असतील तर साडेअकरा हजार कमी पडले. बँकेचं दरपत्रक म्हणतं, कमी पडलेल्या रकमेच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, जे कमी असेल ते. साडेअकरा हजारांचे सहा टक्के होतात ६९०, म्हणून ५०० लागले. ते ५९० कापले की पुढच्या महिन्यात शिल्लक आणखी कमी. म्हणजे खातेदाराने एक रुपयाही काढला नाही तरी खातं दर महिन्याला खाली जातं, आणि ते बँकेच्याच कापण्यामुळे जातं.

शाखेत गेल्यावर काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन बघून सांगितलं, “मॅडम, सिस्टिमने कापले आहेत.” मॅनेजरने बराच वेळ बसवून ठेवलं आणि मग ‘गुडविल म्हणून’ दोन महिन्यांचे परत करायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. तुम्हालाही हे सांगेन की अशी अर्धवट रक्कम घेऊन समाधान झाल्याचं लिहून देऊ नका, कारण नंतर तोच कागद तुमच्यासमोर ठेवतात. मी तीन गोष्टी लेखी मागितल्या: खातं बदलायला आईने दिलेली संमती, किमान शिल्लक बदलल्याची पूर्वसूचना, आणि दंड लावण्याआधीची नोटीस. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतली. ते शिक्का द्यायला टाळाटाळ करतात, तरी घेतल्याशिवाय हलू नका. तोच अर्ज ई-मेलनेही पाठवला.

हे तिन्ही प्रश्न मी मनाने काढलेले नव्हते. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी एक परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. त्यात स्पष्ट आहे की शिल्लक किमानपेक्षा खाली गेली तर बँकेने ग्राहकाला एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवायचं, आणि कळवल्यापासून एक महिन्याच्या आत शिल्लक भरली नाही तरच दंड लावायचा. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. केवळ या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये. किमान शिल्लकेची अट बदलायची असेल तर जुन्या खातेदारांना किमान एक महिना आधी सांगायचं, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम. शाखेतल्या एकाही माणसाने यातलं काही स्वतःहून सांगितलं नाही. मी परिपत्रकाची प्रिंट टेबलावर ठेवली तेव्हा मॅनेजरांचा आवाज बदलला.

बँकेचं पहिलं लेखी उत्तर आलं की ई-मेल पाठवली होती. कुठल्या पत्त्यावर? बाबांच्या. बाबा गेल्याला काही वर्षं झाली आणि ते खात्यावर सहधारकही उरले नव्हते, ती कागदपत्रं आम्ही याच शाखेत दिली होती. आईचा मोबाइल नंबर मात्र बँकेकडे नीट नोंदलेला होता, कारण त्यावर पर्सनल लोनच्या आणि क्रेडिट कार्डाच्या ऑफर सतत येत होत्या. पैसे कापल्याचे मेसेजही त्याच गर्दीत येऊन गेले, आणि मेसेज पाठवल्याचेही पैसे बँकेने घेतले. मी त्या ई-मेलची प्रत मागितली. तिच्यावरची तारीख पहिल्या कपातीच्या नंतरची निघाली. म्हणजे आधी दंड, मग सूचना. इथे बँकेची बाजू संपली, तरी पुढचं उत्तर तेच होतं: ‘आमच्या धोरणानुसार चार्जेस योग्य आहेत.’

एसएमएसबद्दल एक सांगायचं राहिलं. एसएमएसचा चार्ज प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्यावा असं रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या नोव्हेंबरमध्येच बँकांना सांगितलेलं आहे. तीन महिन्यांत चार-दोन मेसेज गेलेल्या खात्याला सरसकट १५ रुपये लावायचे असतील तर हिशोब दाखवा, असं मी विचारलं. उत्तर नाही. रक्कम लहान आहे म्हणून कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून ती कापली जात राहते. या लहान रकमांची बेरीज किती होते ते बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं होतं. त्यानुसार सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी मिळून २०१८ पासून ३५ हजार कोटींहून जास्त रुपये अशा चार्जेसमधून गोळा केले होते. त्यात किमान शिल्लक नसल्याबद्दलचे २१ हजार कोटींच्या वर, जादा एटीएम व्यवहारांचे ८ हजार कोटींच्या वर आणि एसएमएसचे ६ हजार कोटींच्या वर. किमान शिल्लकेचा दंड भरतो कोण? ज्याच्याकडे शिल्लक नाही तो. पैसेवाल्याला हा चार्ज लागतच नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरची ही अट काढली, २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही काढली. त्यांना जमतं, मग इतरांना का नाही, हा प्रश्न ग्राहकांनी विचारलाच पाहिजे. अट किती ठेवायची हे रिझर्व्ह बँकेने बँकांवरच सोडलेलं आहे. मला ते पटत नाही.

शाखेनंतर मी बँकेच्या प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला लिहिलं. त्यांचं नाव आणि पत्ता प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर असतो. तिथूनही समाधानकारक उत्तर आलं नाही तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर तिथे जाता येतं. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो, ज्यांना ते जमत नाही त्यांना चंदीगडच्या केंद्राकडे टपालानेही पाठवता येतो. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, नाहीतर अर्ज तिथेच परत येतो. शाखेचा शिक्का घ्या असं वर म्हटलं ते यासाठीच. फोनवरच्या बोलण्याला इथे काही किंमत नाही.

मी अर्जात गोष्ट सांगत बसले नाही. कपातीची तारीख, रक्कम, नियमाचं परिपत्रक आणि बँकेने न दिलेला पुरावा, एवढंच तक्त्यात मांडलं आणि स्टेटमेंटवर त्या ओळी पिवळ्या करून जोडल्या. तक्रार नोंदली गेल्यावर बँकेचा सूर एकदम बदलला. मुख्य कार्यालयातून फोन आला, पैसे परत करतो, तुम्ही तक्रार मागे घ्या. मी सांगितलं, आधी जमा करा, मग बघू. किमान शिल्लकेचा सगळा दंड, कार्डाची फी आणि हप्ता परत गेल्याचा चार्ज, तिन्ही जीएसटीसकट जमा झाले. एसएमएसचे ७० रुपये ८० पैसे त्यांनी दिले नाहीत. आईचा हप्ता आम्ही तोवर ग्रेस पिरियडमध्येच पेन्शनच्या खात्यातून भरून टाकला होता.

घरातल्या ज्येष्ठांचं खातं तपासायला बसाल तेव्हा नोंदलेला मोबाइल आणि ई-मेल कुणाचा आहे ते बघा, खात्यावर कुठले हप्ते आपोआप जातात ते लिहून काढा, आणि एखादा विमा न विचारता चिकटवलाय का तेही पाहा. वर्षाला ४३६ किंवा २० रुपयांची कपात दिसली तर ती पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याची असते. योजना वाईट नाहीत, पण खातेदाराने होकार दिलेला असायला हवा. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने व्यवहार न केल्यामुळे निष्क्रिय झालेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, तसा लावलेला असेल तर परत मागा. आणि शिल्लक ठेवणं जमणारच नसेल तर बँकेला लेखी सांगून खातं मूलभूत बचत ठेव खात्यात, म्हणजे बीएसबीडीमध्ये बदलून घ्या. त्याला किमान शिल्लकेची अट नाही, एटीएम कार्ड मोफत असतं आणि महिन्याला चार वेळा पैसे काढायला चार्ज लागत नाही. मात्र त्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. शाखेत हा प्रकार स्वतःहून कुणी सुचवत नाही, त्यामुळे नाव घेऊनच मागा.

आईने खातं बदलायला संमती दिल्याचा कागद किंवा रेकॉर्डिंग बँकेने अजून दाखवलेलं नाही. पैसे परत मिळाले तरी ती मागणी मी सोडलेली नाही, कारण त्या रिलेशनशिप मॅनेजरने त्या महिन्यात फक्त माझ्याच आईला फोन केला असेल असं मला वाटत नाही.