नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरचा जॉब फेल: एनबीएसयू चालवू की लॉग वाढवू?
एनबीएसयू, म्हणजे नेटबॅकअपचं सपोर्ट युटिलिटी टूल, ही सर्व्हरची कुंडली. एका कमांडमध्ये कॉन्फिगरेशन, ओएस, नेटवर्कची माहिती गोळा. होस्टनेमचा घोळ असेल तर बहुतेकदा इथेच सापडतो. पण ही आत्ताची स्थिती. रात्री 2 ला जॉब का मेला, ते यात क्वचितच दिसतं.

त्यासाठी लेगसी लॉगच, म्हणजे प्रत्येक प्रोसेसच्या जुन्या पद्धतीच्या नोंदीच, लागतात. अट एकच: बीपीटीएम, बीपीबीआरएम या बॅकअपच्या प्रोसेसच्या नावांची फोल्डरं आधीपासून हवीत. फोल्डर नाही, तर लॉगही नाही. मी एकदा ती सकाळी बनवली, म्हणजे वरातीमागून घोडं! व्हर्बोज (लॉगमधल्या तपशिलाची पातळी) 5 केलं की बारीकसारीक सगळं उमटतं, डिस्कही तितकीच झपाट्याने भरते. अधूनमधून फेल होणाऱ्या जॉबला माझं मत लॉगलाच. जॉब पुन्हा पळवा, मग व्हर्बोज लगेच खाली आणा.